पन्नासात एक, सहात एक

देवीचा रोग कसा असे, हे आज पन्नाशीच्या आतल्या माणसाला सांगावे लागते. त्याहून थोरांच्या दंडावर लशीचा गोल वण असतो, आणि काहींना गावातला एखादा व्रणांनी भरलेल्या चेहऱ्याचा, एका डोळ्याने अधू झालेला म्हातारा आठवतो. आधी सणसणून ताप, डोके आणि पाठ फुटेल अशी दुखणी, तीन-चार दिवसांनी अंगभर पुरळ, मग त्या पुरळाचे पुवाने भरलेले टपोरे फोड. दोन-तीन आठवड्यांत माणूस एक तर जाई, नाहीतर खपल्या पडून उठे. उठला की मात्र जन्मभर मोकळा. देवी पुन्हा त्याच्या वाटेला जात नसत. आपल्याकडे अशा घरात कडुलिंबाचे डहाळे टांगत, शीतळादेवीला नवस बोलत आणि बाकीचे तिच्या हवाली करत.

युरोपातही फार निराळे नव्हते. तिथेही शहरात वाढलेल्या मुलाला आज ना उद्या देवी येणार हे घरोघरी गृहीत धरलेले असे, आणि पुढचे सारे देवाच्या इच्छेवर सोडलेले असे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र काही माणसांनी देवाचा हवाला बाजूला ठेवून हिशेब मांडायला घेतला. पुढे काय होईल हे ठाऊक नसताना, केवळ शक्यतांच्या आकड्यांच्या आधारे जिवाशी गाठ असलेला निर्णय घ्यायचा, असा हा जगातल्या पहिल्या मोठ्या सार्वजनिक प्रयत्नांपैकी एक. त्यात डॉक्टर होते, पाद्री होते, एक सरदारीण होती, गुलाम होता, आणि शेवटी त्या काळचे दोन अत्यंत बुद्धिमान गणिती एकमेकांसमोर उभे ठाकले.

निर्णयाची वेळ आणली ती टोचणीने. बंगालमध्ये, चीनमध्ये, तुर्कस्तानात, आफ्रिकेच्या काही भागांत ही रीत जुनी होती. बहुतेक ठिकाणी सौम्य देवी आलेल्या रोग्याच्या फोडातला पू घ्यायचा आणि निरोगी माणसाच्या कातडीवर ओरखडा काढून त्यात भरायचा. आठ-दहा दिवसांनी त्याला ताप येई, थोडे फोड येत, आणि बहुधा तो बरा होई. त्यानंतर जन्मभराची सुटका. ही आजची लस नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. टोचलेल्याला खऱ्याच देवी येत, फक्त बहुतेकांना हलक्या येत. काहींना हलक्या येत नसत आणि ते दगावत. शिवाय टोचलेल्या माणसापासून शेजाऱ्याला रोग लागू शके.

लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज सरदार घराण्यातली लेखिका. तिचा एकुलता भाऊ १७१३ मध्ये देवीने गेला. दोन वर्षांनी तिला स्वतःलाच देवी आल्या. ती वाचली, पण चेहऱ्यावर व्रण राहिले आणि पापण्यांचे केस गेले ते गेलेच. पुढे नवरा तुर्की दरबारात इंग्लंडचा वकील म्हणून गेला, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या बायका ही टोचणी किती सहज करतात ते तिने पाहिले, आणि १७१८ च्या मार्चमध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये आपल्या मुलाला टोचून घेतले. एका हाताला एका वृद्ध ग्रीक बाईने टोचले, दुसऱ्या हाताला वकिलातीचा शल्यवैद्य चार्ल्स मेटलंड याने. १७२१ च्या एप्रिलमध्ये लंडनला देवीची साथ असताना तिने मेटलंडकडून आपल्या तीन वर्षांच्या मुलीलाही टोचवले. दरबारी वैद्य पाहायला आले. मुलगी बरी झाली आणि शहरभर बोलबाला झाला.

युवराज्ञी कॅरोलाइनला आपल्या मुली टोचून घ्यायच्या होत्या, पण एका मुलीच्या बरे होण्यावर विसंबायची तिची तयारी नव्हती. त्या वर्षीच्या ९ ऑगस्टला न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांना, तीन पुरुष आणि तीन स्त्रियांना, टोचण्यात आले. जगले तर राजा माफी देणार होता. सहाही जगले आणि सप्टेंबरात सुटले. त्यांतल्या एकोणीस वर्षांच्या एका मुलीला मेटलंडने मुद्दाम हर्टफर्डला देवीच्या रोग्यांच्या शुश्रूषेला ठेवले. तिला पुन्हा देवी आल्या नाहीत. मग अनाथ मुलांवर प्रयोग झाले, आणि १७२२ च्या एप्रिलमध्ये युवराज्ञीच्या दोन मुलींना टोचले गेले. फाशीच्या दोरीखाली उभ्या असलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे आणि अनाथ मुलांना तर कुणी विचारलेही नाही, हे आज वाचताना मनाला लागते. त्या काळात हा प्रश्न फारसा कुणाला पडलेला दिसत नाही.

पण त्याच एप्रिलमध्ये अर्ल ऑफ संडरलंडचा अडीच वर्षांचा मुलगा टोचल्यानंतर मेला. लॉर्ड बॅथर्स्टच्या घरचा एक तरुण नोकरही मेला. राजकन्या वाचल्या आणि सरदाराचा मुलगा गेला. मग टोचणी चांगली की वाईट? उदाहरणाला उदाहरण देऊन हा वाद कधी मिटणारा नव्हता. जुलैमध्ये एडमंड मॅसी या पाद्र्याने लंडनच्या व्यासपीठावरून प्रवचन दिले: रोग ही ईश्वराने पाठवलेली कसोटी किंवा शिक्षा असते, तिच्यात हात घालणे हे सैतानाचे काम. लंडनमधले काही प्रतिष्ठित वैद्यही विरोधात उतरले.

याच काळात अटलांटिकच्या पलीकडे बॉस्टनमध्ये साथ भडकली होती. १७२१ च्या एप्रिलमध्ये सीहॉर्स नावाच्या जहाजातून ती उतरली. कॉटन मॅदर या तिथल्या धर्मगुरूच्या घरी ओनेसिमस नावाचा एक आफ्रिकन गुलाम होता. तुला कधी देवी आल्या होत्या का, असे मॅदरने पूर्वी त्याला विचारले होते. आमच्या देशात टोचून घेतात, असे सांगून ओनेसिमसने दंडावरचा वण दाखवला होता. मॅदरने शहरातल्या वैद्यांना टोचणीची विनवणी केली. एकटा झॅबडिएल बॉइल्स्टन तयार झाला. २६ जूनला त्याने आपल्या सहा वर्षांच्या मुलाला आणि घरच्या दोन गुलामांना टोचले. शहर खवळले. नोव्हेंबरात मॅदरच्या घरात पेटता बाँब फेकला गेला. सुदैवाने तो फुटला नाही.

साथ ओसरल्यावर जो ताळेबंद उरला तो कुणालाही वाचता येण्यासारखा होता. अकरा हजारांच्या आसपास वस्तीच्या शहरात सुमारे ५,९०० लोकांना आपोआप देवी आल्या आणि त्यांतले ८४४ मेले, म्हणजे सातात एक. बॉइल्स्टनने टोचलेल्या सुमारे २४० जणांपैकी सहा मेले, म्हणजे चाळिसात एक. सहा मृत्यू त्याने झाकले नाहीत. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो यासाठी. जिथे जमाव दारावर येत होता तिथे आपल्या हातून गेलेल्यांची नोंद चोख ठेवणे सोपे नव्हते.

आकड्यांकडे वळण्याची बुद्धी इंग्लंडमध्ये पहिल्यांदा झाली ती यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्स गावच्या थॉमस नेटलटन या डॉक्टरला. तो स्वतः टोचणी करत होता आणि लोकांचा विरोध सोसत होता. मुळात किती जणांना देवी येतात आणि त्यांतले किती मरतात, हेच कुणाला नीट माहीत नाही, हे त्याच्या लक्षात आले. मग त्याने आपल्या भागातल्या विश्वासू माणसांकडून गावोगावची मोजणी मिळवायला सुरुवात केली. हॅलिफॅक्समध्ये २७६ जणांना देवी, ४३ मृत्यू. रॉचडेलमध्ये १७७ जणांना, ३८ मृत्यू. लीड्समध्ये ७९२ जणांना, १८९ मृत्यू. तिन्ही मिळून पाचात एकाहून थोडे जास्तच. या विचारपद्धतीला त्याने व्यापाऱ्याचे तर्कशास्त्र म्हटले: नफा-तोट्याची खाती समोरासमोर मांडायची आणि शिल्लक पाहायची. हॅलिफॅक्स हा लोकरीच्या कापडाचा व्यापार करणारा मुलूख होता. तिथल्या माणसाला ही भाषा लगेच कळली असणार.

नेटलटनची पत्रे लंडनमध्ये पोचली ती जेम्स ज्युरिन याच्या हाती. ज्युरिन वैद्य होता, न्यूटनच्या परंपरेतला गणिती होता आणि रॉयल सोसायटीचा चिटणीस होता. म्हणजे देशभरच्या पत्रव्यवहाराची किल्ली त्याच्याकडे होती. त्याने जाहीर आवाहन केले: ज्यांनी ज्यांनी टोचणी केली असेल त्यांनी प्रत्येकाचे वय, टोचण्याची रीत, आलेले फोड आणि शेवट कळवावा. उत्तरे येत गेली आणि १७२३ पासून तो दरवर्षी त्यांचा गोषवारा छापू लागला.

ज्युरिनचे काम मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून इथे थोडे थांबतो. त्याने एकाच्या जागी दोन प्रश्न केले. पहिला: आपोआप आलेल्या देवींनी मरण्याची शक्यता किती? दुसरा: टोचणीने मरण्याची शक्यता किती? पहिल्याचे उत्तर आले पाचात किंवा सहात एक. दुसऱ्याचे, पन्नासात एक. एवढ्यावर थांबला असता तर विरोधकांना पळवाट होती. माझ्या मुलाला कदाचित देवी येणारच नाहीत, मग सहात एक हा आकडा माझ्या काय कामाचा, असे कुणीही म्हणू शकला असता. ज्युरिनने लंडनच्या चर्चमधल्या मृत्युनोंदींचे जुने तक्ते काढले आणि दाखवले की जन्मलेल्या सगळ्यांमधून चौदात एक माणूस शेवटी देवीनेच जातो. ज्यांना देवी आल्याच नाहीत, जे तान्हेपणीच दुसऱ्या कारणाने गेले, ते सगळे यात धरूनही चौदात एक. म्हणजे धोका कमीत कमी धरला तरी पन्नासात एकापेक्षा तो कितीतरी मोठा होता. मृत्यू टोचणीने झाला की नाही याबद्दल शंका असेल, तर तो टोचणीच्याच खात्यात मांडायचा, हा नियमही या मोजणीत पाळला गेला. आपल्या बाजूला गैरसोयीची ठरणारी नोंद स्वतःहून धरायची, ही शिस्त तेव्हाच्या वैद्यकीय वादांत दुर्मिळ होती.

इतके करून फळ काय मिळाले? ज्युरिननंतर योहान शॉइक्त्सर याने ही मोजणी पुढे नेली. त्याच्या १७२९ च्या अहवालानुसार आठ वर्षांत नोंदवलेल्या टोचण्या होत्या ८९७, आणि टोचणीमुळे झाले असावेत असे मृत्यू १७. एकट्या लंडनमध्ये दरवर्षी देवीने हजारो लोक मरत असताना आठ वर्षांत ८९७! आकडे स्वच्छ होते, मांडणी प्रामाणिक होती, तरीही आईबाप पुढे येत नव्हते.

त्यामागे अज्ञान होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. देवी येऊन मूल गेले तर ते दैवाने नेले. टोचून गेले तर मी मारले. दोन्हीकडे मृत्यू एकच असला तरी मनाच्या तराजूत त्यांचे वजन सारखे भरत नाही. बेंजामिन फ्रँकलिनसारखा हिशेबी माणूसही यातून सुटला नाही. बॉस्टनच्या साथीत तो पंधरा वर्षांचा होता आणि टोचणीविरुद्ध लिहिणाऱ्या आपल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. पुढे त्याचे मत पालटले, तो टोचणीचा पुरस्कर्ता झाला. पण १७३६ मध्ये त्याचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीने गेला; त्याला टोचायचे राहून गेले होते. आत्मचरित्रात त्याने याबद्दलचा पश्चात्ताप उघड मांडला आहे, आणि तो मांडण्याचे कारणही सांगितले आहे. टोचून मूल गेले तर आपण स्वतःला कधी माफ करणार नाही, या भीतीने जे आईबाप टोचत नाहीत, त्यांना त्याला सांगायचे होते की न टोचल्याचाही पश्चात्ताप तेवढाच असतो. म्हणून मग कमी धोक्याची वाट धरावी. संभाव्यतेच्या साऱ्या शास्त्रात निर्णय घेणाऱ्या माणसाला उद्देशून इतके नेमके बोलणे मी फार थोडे वाचले आहे. ते एका बापाने आपले मूल गमावून लिहिले होते.

फ्रान्समध्ये हा वाद उशिरा पोचला, पण पोचल्यावर त्याला निराळीच धार आली. व्होल्तेरने १७३० च्या दशकात इंग्लंडवरच्या आपल्या पत्रांत टोचणीची स्तुती केली होती. १७५४ मध्ये ला कोंदामीन या प्रवासी शास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीत निबंध वाचला. त्याच्या मते देवीचा रोग ही सक्तीची सोडत होती: प्रत्येकाचे नाव पेटीत पडलेलेच असते, आणि टोचून घेणारा त्यातल्या वाईट चिठ्ठ्या कमी करून घेतो. वादाला गणिताचे पूर्ण रूप मात्र डॅनिएल बर्नूलीने दिले.

बर्नूली हे बाझेलचे घराणे; गणिती निपजण्याची त्या घरात रीतच होती. डॅनिएलचे काका याकोब यांनी संभाव्यतेच्या शास्त्राला पाया दिला होता. जुगारातल्या पैशाचे मोल प्रत्येकाच्या सांपत्तिक स्थितीनुसार बदलते, हा महत्त्वाचा विचार खुद्द डॅनिएलने १७३८ मध्ये मांडला होता. १७६० च्या एप्रिलअखेर त्याचा निबंध पॅरिसच्या अकादमीपुढे आला.

त्याला हवे होते ते असे: देवी हा रोग जगातून नाहीसाच झाला, तर माणसाचे सरासरी आयुष्य किती वाढेल? हे थेट मोजायला कुठेच सोय नव्हती, कारण देवी नसलेले शहरच नव्हते. मग जे नाही ते गणिताने उभे करायचे. एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून एक तक्ता केला होता: अमुक वयाला किती माणसे जिवंत उरतात. बर्नूलीने तो पायाला घेतला, १,३०० नवजात बालके कल्पिली, आणि दोन गृहीतके धरली. ज्यांना अजून देवी आल्या नाहीत अशा आठ जणांपैकी एकाला दरवर्षी त्या येतात. आणि ज्यांना येतात त्या आठांपैकी एक मरतो. बस्स. एवढ्यावरून त्याने वर्षावर्षाने हिशेब केला की त्या १,३०० पैकी दर वयाला किती जण देवीतून पार पडले असतील, किती अजून वाट पाहत असतील आणि किती गेले असतील. मग देवीने गेलेल्यांना कागदावर परत जिवंत केले आणि इतर रोगांच्या वाटेवर पुढे चालवले. पंचविशीच्या सुमारास हॅलीच्या तक्त्यात ५६५ च्या आसपास जण उरत होते. देवी नसत्या तर सुमारे ६४० उरले असते.

निष्कर्ष असा की सरासरी आयुष्य २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर गेले असते, तीन वर्षे दोन महिन्यांची वाढ. सगळ्यांना जन्मतःच टोचले आणि दोनशेत एक दगावला असे धरले, तर या लाभातून दोन महिन्यांहूनही कमी वजा होतात. त्याचा हिशेब पुढे ताणला तर टोचणीने नऊ-दहा जणांत एक मरू लागेपर्यंत सरासरीचा लाभ उरतोच. मानवजातीच्या हिताशी इतक्या जवळून निगडित असलेल्या गोष्टीत, थोडेसे गणित जे ज्ञान देऊ शकते ते सगळे हाती घेतल्याशिवाय निर्णय होऊ नये, एवढीच आपली इच्छा असल्याचे त्याने लिहिले. एखाद्या साथीच्या रोगाला असे गणिती प्रतिरूप देण्याचे हे पहिले उदाहरण म्हणून आज रोगप्रसाराचे गणित शिकणारे विद्यार्थी त्याच्यापासूनच सुरुवात करतात.

त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला अकादमीच्या जाहीर सभेत झाँ दालांबेर उभा राहिला. दिदेरोबरोबर विश्वकोश संपादणारा हा गणिती टोचणीच्या बाजूचाच होता. तरीही त्याने बर्नूलीच्या मांडणीवर घाव घातला, आणि तो घाव वरवरचा नव्हता.

पहिला आक्षेप माहितीचा होता. सगळ्या वयांत आठात एकाला देवी येतात आणि आठात एक मरतो, हे कशावरून? वयानुसारच्या नोंदी कुणी केलेल्याच नाहीत. दुसरा आक्षेप खोल होता. बर्नूली तीन वर्षांचा लाभ दाखवतो, पण तो लाभ मिळतो कधी? आयुष्याच्या शेवटाला, म्हातारपणी. धोका मात्र या महिन्यातच पत्करायचा. तीस वर्षांच्या धडधाकट माणसाला पुढच्या महिन्याभरात आपोआप देवी येऊन मरण्याची शक्यता अगदी थोडी असते. टोचून घेतले तर तीच शक्यता दोनशेत एक होते. आजचा मोठा धोका आणि दूरचा पुसट लाभ यांची नुसती सरासरी काढून तुलना करता येत नाही. तिसरे त्याने असे सांगितले की राज्याचा हिशेब वेगळा आणि माणसाचा वेगळा. समजा, एखाद्या उपायाने पाचात एक माणूस तत्काळ मरतो आणि बाकीचे चार शंभर वर्षे जगतात. सरासरी आयुष्य ऐंशी वर्षांवर जाईल. राजा हा उपाय आनंदाने करील. पण असा उपाय स्वतःवर किंवा आपल्या मुलावर करून घ्यायला कोण धजेल?

बर्नूली दुखावला गेला. त्याचा निबंध १७६६ मध्ये छापून आला तेव्हा प्रास्ताविकात त्याने टीकाकारांना सुनावले की आधी विषय समजून घेण्याचे कष्ट घ्यावेत. या दोघांत कोण बरोबर, असे पुष्कळदा विचारले जाते आणि बहुतेक इतिहासकार बर्नूलीच्या पारड्यात वजन टाकतात. मला वाटते, टोचणी करावी या निर्णयात बर्नूली बरोबर होता, आणि आकड्यापासून निर्णयापर्यंतची वाट सरळ नसते हे ओळखण्यात दालांबेर. फ्रँकलिनने भोगलेली आणि लंडनच्या आईबापांना अडवून धरणारी गोष्ट गणिताच्या भाषेत पहिल्यांदा दालांबेरनेच बोलून दाखवली. आज विमा, शस्त्रक्रिया, पेन्शन यांचे निर्णय घेताना जवळचा धोका आणि दूरचा लाभ यांना वेगवेगळे वजन द्यावे लागते, ते त्याच्या आक्षेपाचेच पुढचे रूप आहे.

पुढची पंधरा-वीस वर्षे पाहिली तर दोघांचीही साक्ष पटते. १७६३ मध्ये पॅरिसला साथ आली, ती टोचलेल्यांपासून पसरली असा बोभाटा झाला आणि तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने शहरात टोचणीवर बंदी घातली. शेजाऱ्याला लागणारा संसर्ग बर्नूलीच्या हिशेबात मुळी धरलेलाच नव्हता. उलट इंग्लंडमध्ये सटन पितापुत्रांनी अगदी बारीक ओरखड्याची पद्धत आणली आणि टोचणीतले मृत्यू शेकडो जणांत एखाद्यावर आले. धोकाच घटल्यावर वादाचा जोर ओसरला. १७६८ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने इंग्लंडहून थॉमस डिम्सडेल याला बोलावून स्वतःला टोचून घेतले. आणि १० मे १७७४ ला व्हर्सायच्या राजवाड्यात पंधरावा लुई देवीने गेला. तरुणपणी आपल्याला देवी येऊन गेल्या आहेत असा त्याचा समज होता. सव्वा महिन्याने नव्या राजाने, सोळाव्या लुईने, दोन्ही भावांसह टोचून घेतले. चौदा वर्षांच्या गणिती वादाने जे साधले नव्हते ते एका राजाच्या मृत्यूने साधले.

अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनपुढे हाच प्रश्न सेनापती म्हणून आला. त्याला स्वतःला तरुणपणी बार्बाडोसमध्ये देवी आल्या होत्या. १७७६ मध्ये त्याने सैन्यात टोचणीला मनाई केली होती. टोचलेला शिपाई काही आठवडे अंथरुणाला खिळतो आणि शत्रूला सुगावा लागला तर सगळेच बुडते. कॅनडाच्या मोहिमेत देवींनी सैन्याची दाणादाण उडालेली पाहिल्यावर १७७७ च्या फेब्रुवारीत त्याने हुकूम फिरवला आणि सरसकट टोचणी सुरू केली. हजारोंचा निर्णय एकाच हाती होता, आणि तिथे बर्नूलीचा हिशेब निर्विवाद चालला. राजा आणि व्यक्ती यांच्या हिशेबात दालांबेरने केलेला भेद इथे प्रत्यक्षात दिसतो.

१७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने गायींपासून माणसाला होणाऱ्या गोदेवीच्या फोडातला द्रव वापरून लस दाखवली. तिने माणसाला देवी येत नसत, शेजाऱ्यालाही रोग लागत नसे, आणि मरण्याची शक्यता कितीतरी घटली. ही लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने हिंदुस्थानात आली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर पहिल्यांदा नीट लागली. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना टोचत ही साखळी हिंदुस्थानभर गेली. मराठीत देवी काढणे म्हणतात ते याला.

नंतर जे घडले ते बर्नूली आणि दालांबेर दोघांनाही ओळखीचे वाटले असते. अमेरिकेत १९४९ नंतर देवीचा एकही रोगी आढळला नव्हता. लस मात्र सर्व मुलांना देत होते, आणि तिच्या दुष्परिणामांनी दरवर्षी काही मुले दगावत होती. १९७१ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सरसकट लसीकरण बंद करण्याची शिफारस केली. ब्रिटननेही त्याच वर्षी ते थांबवले. त्याच्या अडीचशे वर्षे आधी एका बाजूला पन्नासात एक आणि दुसऱ्या बाजूला सहात एक असे आकडे होते. आता रोगाच्या बाजूचा आकडा जवळजवळ शून्यावर आला होता, म्हणून लशीचा तो अत्यल्प धोकाही जड ठरला.

त्याच वर्षांत भारतात याच लशीबद्दल नेमका उलटा निर्णय चालू होता, आणि तोही बरोबर होता. १९७४ मध्ये बिहार आणि आसपासच्या राज्यांत देवींनी कहर केला. वर्षभरात दीड लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले. आरोग्य कर्मचारी दारोदार फिरून रोगी शोधत होते आणि त्यांच्या भोवतालच्या प्रत्येकाला टोचत होते. २४ मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. १९८० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने देवींचे निर्मूलन जाहीर केले, आणि तोवर भारतातही मुलांना देवी काढणे थांबत आले होते.